मोतीला केक द्यायचा का?

काय दोस्तांनो, डबा खाऊन झाला का? मग आता जरा सरसावून बसा. आज आपल्याला एक भांडण सोडवायचं आहे.

भांडण आमच्या चौथीच्या वर्गातलं. शाळेच्या फाटकाशी एक तपकिरी कुत्रा बसतो. कुणी त्याला मोती म्हणतं, कुणी वाघ्या. तो दोन्ही नावांना शेपूट हलवतो. मधली सुट्टी झाली की याच्या खिशातून एक बिस्कीट, तिच्या डब्यातून एक खारी, असं त्याचं चाललेलं असतं. त्यावरून वर्गात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, "गोड खाल्लं की कुत्र्याला खरूज होते. अंगावरचे केस झडतात!" दुसरा म्हणतो, "छे! आमच्या गल्लीतला कुत्रा रोज बिस्किटं खातो, टुणटुणीत आहे!" आवाज चढत चालले होते. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठून हळूच म्हणाली, "बाई, उद्या माझा वाढदिवस आहे. मोतीला केकचा तुकडा आणू?"

"कुठला केक गं?" मी विचारलं.

"चॉकलेटचा!"

दोन्ही पक्षांचं भांडण राहिलं बाजूला. खरा प्रश्न तिनंच विचारला होता. कारण बिस्कीट चालतं की नाही, केक चालतो की नाही, याला 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात उत्तर देताच येत नाही. त्यात काय काय घातलंय ते आधी विचारावं लागतं. मी 'कुठला?' असं म्हटलं ते म्हणूनच.

आधी ती खरूज निकालात काढू. कुत्र्याची खरूज साखरेनं होत नाही. ती होते अगदी बारीक किड्यांमुळे. आठ पायांचे, कोळ्याचे दूरचे भाऊबंद, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. ते कातडीत घर करतात, कुत्रा खाजवून खाजवून हैराण होतो आणि केस जातात. एकाची खरूज दुसऱ्याला लागते. आता रोज नुसती बिस्किटं खाऊन राहणारा कुत्रा अशक्त झाला, तर त्याला कुठलाही आजार लवकर धरेल, एवढं मात्र खरं. पण त्यावर इलाज बिस्कीट बंद करणं हा नाही, जनावरांच्या डॉक्टरांकडचं औषध हा आहे. (आणि असा केस गेलेला कुत्रा दिसला तर त्याला हात लावू नका हं! तुम्हालाही काही दिवस खाज सुटू शकते.)

मग कुत्र्याला पीठ पचतं का? तो तर लांडग्याचा वंशज! लांडगा कुठे पाव खातो?

इथे एक गंमत आहे. पोळीचा घास खूप वेळ चावला की तो गोड लागतो, हा प्रयोग तुम्ही विज्ञानाच्या तासाला केला असेल. नसेल तर आज रात्री जेवताना करा. तोंडातल्या लाळेत अमायलेज नावाचा पाचक रस असतो, तो पिठाची साखर करतो. कुत्र्याच्या लाळेत हा रस जवळजवळ नसतोच, तो त्याच्या स्वादुपिंडातून येतो. २०१३ साली स्वीडनमधल्या काही शास्त्रज्ञांनी लांडगे आणि कुत्रे यांच्या पेशी तपासल्या. हा रस बनवायला सांगणारं एक जनुक असतं. लांडग्यात त्याच्या दोन प्रती होत्या. आणि कुत्र्यांत? कुणात ४, कुणात १०, कुणात तर ३० पर्यंत! म्हणजे हजारो वर्षं माणसाच्या उकिरड्यावर, ओट्यावर, अंगणात राहून राहून कुत्र्यानं आपली भाकरी पचवायची कला मिळवली. तेव्हा साधा पाव, साधा टोस्ट, साधं बिस्कीट हे काही त्याच्यासाठी विष नाही. शिवाय मांजरीला गोड चव कळतच नाही, कुत्र्याला मात्र कळते. म्हणून बिस्किटाच्या पुड्याचा नुसता आवाज झाला तरी मोतीचे कान टवकारतात!

दुसरा पक्ष आता टाळ्या वाजवत असेल. थांबा. आता जरा गणिताची वही काढा.

साधारण १० किलो वजनाचा, मोठा झालेला कुत्रा घ्या. त्याला दिवसाला सुमारे ६०० कॅलरी पुरतात. वरचा खाऊ त्याच्या दहाव्या भागाहून जास्त नको, असं पशुवैद्य सांगतात. म्हणजे ६०. एका छोट्या ग्लुकोज बिस्किटात साधारण २५ कॅलरी असतात आणि त्यातला पाव भाग तर साखरच असते. मग हिशोबानं बिस्किटं किती? दोन! आता आमच्या वर्गात मुलं तीस. प्रत्येकानं 'मी तर एकच दिलं' असं म्हणत एकेक दिलं, तर तीस गुणिले पंचवीस किती झाले? साडेसातशे. मोतीचं दिवसभराचं जेवण संपलं आणि वर उधारी झाली. पोट भरलं, पण त्याला लागणारी प्रथिनं मिळालीच नाहीत. पिल्लाची गोष्ट तर आणखी नाजूक. त्याला वाढायचं असतं आणि त्याचं पोट तुमच्या मुठीएवढं. ते बिस्किटानं भरलं की दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही.

इथपर्यंत गोष्ट जास्त-कमीची होती. आता जे सांगते ते मात्र कान देऊन ऐका. पालकांनो, तुम्हीसुद्धा.

चॉकलेट ज्या कोकोपासून बनतं, त्यात थिओब्रोमीन नावाचं एक द्रव्य असतं. आपण चॉकलेट खाल्लं, तर त्यातलं निम्मं थिओब्रोमीन सहा ते दहा तासांत शरीरातून निघून जातं. कुत्र्याला त्यासाठीच सतरा-अठरा तास लागतात. म्हणजे ते त्याच्या अंगात साठून राहतं. मग उलट्या, जुलाब, सारखी तहान, एका जागी न बसणं, छाती धडधडणं, अंग थरथरणं आणि फार झालं तर झटके. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम थिओब्रोमीन पोटात गेलं की त्रास सुरू होतो.

तर पुन्हा गणित. १० किलोच्या कुत्र्याला किती पुरे? २०० मिलिग्रॅम. दुधाच्या चॉकलेटची १०० ग्रॅमची एक मोठी वडी म्हणजे जवळपास तेवढं झालं. काळ्या कडू चॉकलेटमध्ये ते दुपटीहून अधिक असतं. आणि केकमध्ये घालतो ती कोको पावडर? ती सगळ्यांत जहाल. तिच्या एका ग्रॅममध्येच सुमारे २० मिलिग्रॅम. म्हणजे १० ग्रॅम कोको, चहाचे चार सपाट चमचे, एवढ्यावर काम भागलं! घरी चॉकलेटचा केक केला तर त्यात याच्या दुप्पट कोको सहज पडतो.

आता त्या मुलीच्या तुकड्याचं बघू. अशा केकचे दहा तुकडे केले, तर एका तुकड्यात २ ग्रॅम कोको, म्हणजे ४० मिलिग्रॅम थिओब्रोमीन येतं. मोती १० किलोचा. त्याला तेवढ्यानं बहुधा काही होणार नाही. पण फाटकामागे जी दोन किलोची पिल्लं लपलेली असतात, त्यातल्या एकानं तोच तुकडा पळवला तर? ४० भागिले २. करा, करा भागाकार! बरोब्बर २०. म्हणजे तोच तुकडा, त्याच मुलीनं प्रेमानं दिलेला, मोतीला चालून गेला आणि पिल्लाला बाधला. शिवाय वाढदिवसाला आलेल्या प्रत्येकाला मोतीचा लाड करावासा वाटतो, ते वेगळंच! म्हणून मी तिला सांगितलं, चॉकलेटचा केक नाही म्हणजे नाही. (चॉकलेटच्या क्रीमचं एखादं बिस्कीट जमिनीवर पडलं आणि मोठ्या कुत्र्यानं उचललं, तर मात्र घाबरून रडत बसू नका. त्यात कोको अगदी थोडा असतो.)

चॉकलेटचं निदान थोडंफार लोकांना ठाऊक झालंय. मनुक्यांचं मात्र अजून कुणी ऐकलेलं नसतं. उलट आपल्याकडे मनुका म्हणजे औषध. बाळाला बद्धकोष्ठ झालं, मनुका द्या. अशक्तपणा आला, मनुका द्या. आमच्या शेजारच्या इमारतीत नाताळात कुणीतरी प्लम केक आणला होता, मनुके आणि बेदाणे ठासून भरलेला. घरातल्या पांढऱ्या झुबकेदार कुत्रीनं टीपॉयवरचा अर्धा केक फस्त केला. आजी म्हणाल्या, "खाऊ दे गं, मनुके काय वाईट असतात?" पण त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या नातीनं कुठेतरी वाचलं होतं. तिनं कुत्रीला उचललं आणि रिक्षात घालून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली, दोन दिवस सलाईन लावलं. ती कुत्री आज जिन्यात मला बघून भुंकते आणि मला ते भुंकणं फार आवडतं.

द्राक्षं, बेदाणे, मनुके यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आधी उलट्या होतात, मग ते मलूल होऊन पडतं आणि दोन-तीन दिवसांत लघवीच कमी होते. त्यातून किती मनुके चालतील याचा हिशोब मांडता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन मजेत असतो, दुसरा थोडक्यात आजारी पडतो. म्हणून आकडा एकच लक्षात ठेवायचा, शून्य. सांगली-तासगावकडच्या आणि नाशिककडच्या दोस्तांनो, तुमच्याकडे तर बेदाणा डब्यानं भरलेला असतो. तुम्ही विशेष सांभाळा!

द्राक्षात असं काय आहे, हे कोडं कितीतरी वर्षं सुटत नव्हतं. उलगडा कसा झाला ऐका. अमेरिकेत मुलांना खेळायला घरीच रंगीत माती बनवतात. मैदा, मीठ आणि क्रीम ऑफ टार्टर नावाची आंबट पावडर घालून. ती माती खाल्लेल्या एका कुत्र्याला नेमका द्राक्षं खाल्ल्यासारखाच आजार झाला. तिथल्या पशुवैद्यांनी दोन्हींत सारखं काय ते शोधलं आणि २०२१ साली सांगितलं, की दोषी बहुधा टार्टारिक आम्ल आहे. ते आणखी कशात भरपूर असतं माहीत आहे? आपल्या चिंचेत! तेव्हा चिंच-गुळाच्या गोळ्याही मोतीला नकोत.

आता सगळ्यांत फसवा पदार्थ. घरात आजोबांना मधुमेह असतो, म्हणून शुगर-फ्री बिस्किटं आणलेली असतात. आणि एखाद्या समजूतदार आईला वाटतं, 'कुत्र्याला साखर वाईट ना? मग बिनसाखरेचं देऊ या.' किती बरोबर विचार, नाही का? आणि तोच कधी कधी सगळ्यांत धोक्याचा ठरतो! साखरेऐवजी काही पदार्थांत झायलिटॉल नावाचं गोड द्रव्य घालतात. माणसाला ते चालतं. कुत्र्याच्या स्वादुपिंडाला मात्र वाटतं, अरे बापरे, एवढी साखर आली! ते भराभर इन्सुलिन सोडतं. रक्तातली असलेली साखर झरझर उतरते. दहा मिनिटांपासून तासाभरात कुत्रं झोकांड्या खाऊ लागतं, कोसळतं, झटके येतात. आणखी जास्त पोटात गेलं तर यकृत बिघडतं. १० किलोच्या कुत्र्याला एवढं करायला एक ग्रॅम पुरतो. एक ग्रॅम म्हणजे चिमूट-दोन चिमूट!

सगळ्याच शुगर-फ्री बिस्किटांत झायलिटॉल असतं असं नाही. कशात माल्टिटॉल असतं, कशात सुक्रालोज. त्यांनी असा घात होत नाही, फार तर पोट बिघडतं. पण हे कळणार कसं? पाकीट वाचून. आमच्या वर्गात मी मुलांना रिकामी पाकिटं आणायला सांगितली होती आणि भिंगानं ती बारीक अक्षरं वाचायचा तासच घेतला. तुम्हीही करून बघा. घटकांच्या यादीत एक्स-वाय-एल अशी सुरू होणारी इंग्रजी अक्षरं दिसली, किंवा ९६७ हा आकडा दिसला, की ते पाकीट कुत्र्यापासून दूर, उंच फळीवर. बिनसाखरेच्या च्युइंगगमचंही असंच.

बेकरीतल्या खारट पदार्थांचं थोडक्यात सांगते. पॅटिस, मसाला टोस्ट, गार्लिक ब्रेड यांत कांदा-लसूण असतो. त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि भाजल्या-शिजवल्यानं हा गुण जात नाही. यात फसगत अशी, की त्रास त्याच दिवशी दिसत नाही. तीन-चार दिवसांनी कुत्रं थकतं, हिरड्या पांढुरक्या दिसतात, आणि तोवर पॅटिस कुणाच्या लक्षात असतं? खारी आणि क्रीमचा केक यांत तूप-लोणी इतकं, की काही कुत्र्यांचं स्वादुपिंडच सुजतं. आणि घरी पिझ्झा किंवा पाव करताना यीस्ट घालून मळलेला गोळा झाकून ठेवतात ना, तो कुत्र्यानं गिळला तर पोटाच्या उबेत आणखी फुगतो, वर त्याचं मद्य तयार होतं. पोट टरटरून फुगलेलं आणि कुत्रं झिंगलेलं! वाचायला गंमत वाटेल, पण यात जीव जाऊ शकतो.

आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते. पावाला हिरवी-काळी बुरशी आली की आपण तो खात नाही. बरोबरच आहे. मग तो कुठे जातो? "जाऊ दे, कुत्र्याला टाक!" काही बुरशींच्या विषानं कुत्र्याचं सगळं अंग थरथर कापायला लागतं. जे आपल्याला नको, ते त्याला का? ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाका, आणि झाकण लावा.

समजा, एवढं करूनही कुत्र्यानं यातलं काही खाल्लंच, तर? लक्षणं दिसायची वाट बघू नका. मोठ्या माणसांना लगेच सांगा. ओरडा बसेल म्हणून लपवू नका. काय खाल्लं, किती, किती वाजता, हे कागदावर लिहा आणि पाकीट असेल तर बरोबर घ्या. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी काढायच्या फंदात पडू नका, त्या मिठानंच कुत्रं दगावू शकतं. दूध, तूप, लिंबू असले उपायही नकोत. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. मुंबईकरांना परळचं जुनं बैलघोडा हॉस्पिटल ठाऊकच आहे. ते नुसतं बैलांचं आणि घोड्यांचं नाही बरं का!

मग मोतीला द्यायचं तरी काय, असं विचाराल. नामदेव महाराजांची गोष्ट आठवते? कुत्र्यानं पोळी पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. मोतीला तूप थेंबभरच असू द्या, पण पोळी उत्तम. ज्वारी-बाजरीची भाकरी, बिनमसाल्याचा भात, त्यावर थोडं दही, उकडलेलं अंडं, हे सगळं चालतं. आणि उन्हाळ्यात भांडंभर पाणी! अनोळखी कुत्र्याला हातानं भरवू नका. मोठं कुणीतरी सोबत असताना कागदावर ठेवा आणि चार पावलं मागे या. खाताना किंवा पिल्लांजवळ असताना त्याला कुरवाळायला जाऊ नका. चुकून दात किंवा नख लागलंच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

राहता राहिला वाढदिवस. त्या मुलीचा चेहरा एवढासा झाला होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून मोतीसाठी वेगळा खाऊ ठरवला. कृती सोपी आहे. लाल भोपळ्याची एक फोड वाफवून कुस्करा, अर्धी वाटी होईल एवढी. त्यात एक अंडं फोडा. मावेल तेवढी कणीक घालून घट्ट गोळा मळा. साखर नाही, मीठ नाही, सोडा नाही. जाडसर पोळी लाटून बाटलीच्या झाकणानं गोल गोल कापा आणि आईच्या देखरेखीखाली तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. आतून कच्चं राहू देऊ नका. गार झाल्यावर एका वेळी दोन-तीनच. उरलेली डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा.

मोतीनं पहिली चकती नुसती हुंगून बाजूला ठेवली, दुसरी खाल्ली आणि मग वळून पहिलीही खाल्ली. तुमच्या गल्लीतल्या मोतीनं काय केलं ते पोस्टकार्डावर लिहून जरूर कळवा. आणि हो, पाकिटं वाचताना एखादं न कळणारं नाव सापडलं तर तेही लिहा. पुढच्या वेळी त्यातलं एक घेऊ.